सारेक, स्पॉक आणि आमच्या काकू

सोलापूरला आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या जुंपली आहे. पुण्यात शिकणाऱ्या चुलतबहिणीनं लिहिलं, बाबांनी आम्हाला कधी जवळ घेतलं नाही, कौतुक तर लांबच. काका उखडले. यंत्रमागावर डबल पाळ्या केल्या त्या कोणासाठी? मग कोणीतरी मला ओढलं, तू अमेरिकेत राहतोस, तिकडं कसं असतं सांग.

इथं ओहायोत लोक फोन ठेवताना 'लव्ह यू' म्हणतात, आपण 'ठेवू का' म्हणतो तितक्या सहज. तेवढ्यानं घरातले अबोले टळतात असं मात्र नाही. असं रोज म्हणणारी माणसं थँक्सगिव्हिंगला एका टेबलावर बसायचं टाळतात, हेही बघतो.

काकांचं वाचून मला सारेक आठवला. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेतला व्हल्कन ग्रहाचा राजदूत, मालिकेतल्या एका मुख्य पात्राचा, स्पॉकचा, बाप. व्हल्कन लोक कोरडे, असा सरसकट समज आहे. खरं तर त्यांच्या भावना माणसांपेक्षा तीव्र. त्यापायी आपसात लढून ते संपायच्या बेताला आले होते, तेव्हा सुराक नावाच्या तत्त्वज्ञानं त्यांना तर्काची शिस्त लावली. सारेक आणि त्याची पृथ्वीवरची बायको अमांडा चारचौघांत फक्त दोन बोटं एकमेकांना टेकवतात. दोघांना ती खूण कळते, म्हणून ती पुरते. इथवर मी काकांच्या बाजूचा.

पण पोरानं बापाला हवी ती विज्ञान अकादमी सोडून स्टारफ्लीट म्हणजे अंतराळयानांचं दल धरलं, आणि बाप-लेक १८ वर्षं एकमेकांशी बाप-लेकासारखं बोलले नाहीत. (इंजिनिअरिंग सोडून नाटकात गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) मालिकेच्या १९६७ सालच्या एका भागात सारेकला शस्त्रक्रियेसाठी रक्त लागतं. ते स्पॉककडंच आहे, पण तो कर्तव्यावरून हलायला तयार नाही. त्याची विनवणी कोण करतं? अमांडा. शेवटी त्याला थप्पडही तीच मारते.

आपल्याकडं हे खातं काकूंकडं असतं. 'बाबा विचारत होते, जेवलीस का.' शेंगाचटणीचा डबा 'बाबांनी पाठवलाय'. परीक्षेत कमी मार्क पडले की बाबांचा राग तिकडं सौम्य करून पोचवायचा, पोरीचं रडू इकडं गाळून सांगायचं. पुरुषांच्या संयमाचं कौतुक चालतं तेव्हा ही मधली हमाली कोणी मोजत नाही. प्रेम होतं की नव्हतं यावर भांडणाऱ्या दोघांनीही मोजलेली नाही.

तेव्हा काका, मिठी राहू द्या. तुम्हालाही अवघडेल, तिलाही. फक्त रविवारचा फोन तुम्ही स्वतः लावा, काकूंच्या हातून घेऊ नका. सुचलं नाही तर उजनी धरण किती टक्के भरलं ते सांगा. सोलापूरकराला तेवढ्यावर अर्धा तास सहज बोलता येतं.