नातवाला आजीपासून दोन रात्री दूर ठेवलं तर काय बिघडतं?

नागपूरला त्रिमूर्तीनगरच्या घरी भाच्याला ताप आला, तिसऱ्या दिवशी वहिनी, मग दादा, आणि आता आई खोकून राहिली. मी पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं की पोराला आजीजवळ झोपवू नका, खिडक्या उघडा. तर काका म्हणतात, "जर्मनीत जाऊन आपल्याच माणसाचा विटाळ मानायला शिकली का तू?" दादाचं तिसरंच, पोराने फ्रीजमधली संत्री खाल्ली म्हणून झालं म्हणे.

संत्र्यात व्हायरस नसतो दादा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देऊ शकतो, लहान पोरं तर मोठ्यांपेक्षा जास्त दिवस देतात, आणि लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांनी ताप येतो, म्हणून घरात एकामागून एक पडतात आणि शेवटचा पडेपर्यंत पहिला उठून खेळत असतो अन् सगळे म्हणतात हवा बदलली. नागपुरात डिसेंबरात पारा १० च्या खाली गेला की आपण दारं-खिडक्या घट्ट लावून सगळे एकाच खोलीत झोपतो, एकाने सोडलेला श्वास रात्रभर बाकीचे घेतात. उन्हाळ्यात कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते हे घरातल्या सगळ्यांना समजतं, मग थंडीत पाच मिनिटं काऊन नाही? इथे श्टुटगार्टला मायनस पाचातही सकाळ-संध्याकाळ आम्ही खिडक्या सताड उघडतो, घराच्या करारातच लिहिलेलं आहे.

पण खरं सांगायचं तर नोव्हेंबरात मुलगी किटातून, म्हणजे इथल्या पाळणाघरातून, आरएसव्ही (लहान पोरांच्या छातीत उतरणारा सर्दी-खोकल्याचा व्हायरस) घेऊन आली तेव्हा खिडक्या उघडूनही आम्ही तिघंही आडवे होतो. दोन वर्षांची तापलेली पोर, तिला कुठे वेगळं झोपवणार, मी तिला रात्रभर छातीशी धरून बसले होते आणि मला नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आठवत होतं, आई अशीच कपाळावर हात ठेवून बसायची. म्हणून काकांचा तो शब्द जास्त लागला. मी विटाळ मानत नाही हो काका. पण मी तेव्हा छत्तीसची होते, आई ७४ ची आहे आणि तिला दमा आहे, तिच्या छातीत हे उतरलं तर तिला झेपणार नाही, आणि मला तिकीट काढून पोचायलाच दोन दिवस लागतात.

दादा, वाद नंतर घालू. आधी आईचा ऑक्सिजन मोज आणि आकडा ग्रुपवर टाक. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर देवघराच्या बाजूच्या कपाटात वरच्या खणात आहे, गेल्या खेपेला मीच ठेवला होता, सेल बदलावे लागतील.