अनारसा हसला, जावई नाही

आईच्या वहीत अनारशांची कृती साडेतीन ओळींत संपते. 'तांदूळ तीन दिवस भिजवणे. पाणी रोज बदलणे. सावलीत सुकवून दमट असतानाच कुटणे. पिठाइतका गूळ. चार दिवसांनी डालड्यात तळणे.'

हो, डालड्यात. आजी तुपात तळायची. आईच्या संसारात तूप वरणभातावर घालायलाच जपून वापरावं लागायचं, म्हणून तिने डालडा आणला. मी परत तुपावर आले. त्यामुळे 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अस्संच करतात' असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

बदलाला माझी ना नाहीच. चिडचिड होते ती 'हेल्दी अनारसे' वाचून. गूळ निम्मा करा, एअर फ्रायरमध्ये भाजा. केलं बाई. लेकीच्या हट्टापायी केलं. डब्यातून खडखड आवाज येत होता आणि जाळीचा पत्ता नव्हता. अहो, अनारशात गूळ नुसता गोडीला नसतो. तुपात पडल्यावर तो वितळतो, म्हणून तर जाळी सुटते. कमी घाला, अनारसा दगड होतो. जास्त झाला की हसतो, म्हणजे कढईत विरघळून त्याचा चुरा पसरतो. मग त्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची. उलट पीठ फारच कोरडं वाटलं तर केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून घालायचा. यातलं काहीच वहीत नाही, ते आईच्या हातात होतं.

आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ 'डाएट'चा होत नाही. गूळही मुख्यतः साखरच. चवीसाठी घाला, चांगला लागतो, पण डॉक्टरांना ते कारण सांगू नका.

2023 च्या अधिक श्रावणात लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला. म्हणजे जावयाला 33 अनारशांचं वाण. बाहेर धो धो पाऊस, तांदूळ वाळायला सावली आहे पण वारा नाही. आधी सोपा मार्ग म्हणून दुकानातलं तयार पीठ आणलं होतं. पहिलाच घाणा असा खदाखदा हसला की अर्धा किलो तूप गाळत बसले. शेवटी हॉलमध्ये पंचा अंथरला, तांदूळ पसरले, पंखा चारवर. मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोटांना ओल जाणवावी, इतपत सुकले की लगेच मिक्सरला लावायचे. चाळण मात्र मैद्याचीच हवी. रवाळ पीठ राहिलं की तेही हसतं.

पंखा, मिक्सर, फ्रीज, कशाचंच वाईट वाटलं नाही. उखळीत कुटलं नाही म्हणून चव गेली म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः कुटून बघावं.

खरी अडचण पुढेच होती. जावई म्हणाले, "आई, मी फार तर दोन खाईन." आईचा अनारसा तळहाताएवढा असायचा. तसे 33 म्हणजे बिचाऱ्याला शिक्षाच. तेव्हा मी सुपारीएवढ्या गोळ्या घेतल्या, खसखशीवर थापल्या आणि रुपयापेक्षा जरा मोठे केले. गूळ तेवढाच, तूप तेच, खसखस वर ठेवून एकाच बाजूने तळायचं, वरून झाऱ्याने तूप उडवायचं आणि चाळणीत उभे करून निथळवायचे. धाकटी जाऊबाई म्हणाली, "हे अनारसे की बटणं?"

म्हणू दे. आकडा 33 चा सांगितलाय, माप कुणी सांगितलेलं नाही. दोनच खाणार म्हणणारे जावई उभ्या उभ्या नऊ खाऊन गेले.

वहीत त्या साडेतीन ओळींखाली मी पेन्सिलीने 'पंखा चारवर' एवढंच लिहिलंय. डालडा खोडला नाही.

परवाच केलेला पिठाचा एक गोळा फ्रीजमध्ये शिल्लक आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. तूप तुमचं.