वांद्र्याच्या समुद्रावर बाईमाणसाने जायचं कुठे?

आईने रविवारी सकाळची पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी, घेतलीच नव्हती. मला कळलं ते रात्री, डबीतल्या रविवारच्या खणात ती तशीच दिसली तेव्हा. विचारलं तर म्हणाली, "अगं, दिवसभर बाहेर राहायचं होतं ना. सारखं कुठे शोधत फिरणार?"

एकाहत्तर वर्षांची बाई. पायावर सूज असते, गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. ती गोळी तिने चुकवली, कारण लेकीबरोबर वांद्र्याला फिरायला जायचं होतं. त्या रात्रीपासून माझं डोकं फिरलंय आणि ते शांत व्हावं असं मला वाटतही नाही.

गोळीचं रात्री कळलं, पण पाण्याचं दिवसभर दिसत होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. डोंबिवलीहून निघताना अर्धा कप चहा घेतला, तेवढाच. रविवार, त्यात मेगाब्लॉक, दादरला जिना चढून पश्चिमेची गाडी पकडायची, मे महिन्याचं ऊन. बाटली पुढे केली की "नको, तहान नाही." तहान नसेल कशी? दादरच्या पुलावर तिचे ओठ सुकलेले मी पाहिले होते.

आईचं माहेर गिरगावचं. लहानपणी आजोबा तिला वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला आणायचे. ८ सप्टेंबरच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा भरते, आणि डोंगरावरच्या त्या चर्चमध्ये नुसते ख्रिस्ती नाही, सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन जातात. तिथे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, आपलं जे दुखतं किंवा जे हवं असतं ते वाहायचं. आजीच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहिलेला आईला अजून आठवतो. आता तिचेच गुडघे गेलेत. म्हणून मी ठरवलं होतं, जत्रेची गर्दी नसताना एकदा निवांत नेऊन आणू. आधी हिल रोडला थोडी खरेदी, मग मोतमाउली, बँडस्टँड, किल्ला, चिंबईच्या होड्या, आणि संध्याकाळी कार्टर रोडला बसून कॉफी.

स्टेशनबाहेर चार रिक्षावाल्यांनी नकार दिला. २६ रुपयांचं जवळचं भाडं त्यांना नको होतं. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, पण ते पुन्हा कधीतरी. पाचव्याने नेलं.

हिल रोडवर आईसाठी दोन सुती गाऊन घेतले, आणि तिथेच तिने पहिल्यांदा माझ्या कानात विचारलं. मी दुकानातल्या मुलीला विचारलं. विशीतली असेल. ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे नाही. मागच्या हॉटेलात आम्हाला ओळखतात म्हणून जाऊ देतात, पण तुम्हाला नाही देणार." मग हळूच म्हणाली, "आम्ही पण पाणी कमीच पितो." सकाळी दहा ते रात्री नऊ ती मुलगी उभ्याने काम करते. मुतखडा, लघवीची जळजळ, इन्फेक्शन, सगळं त्यातून होतं हे तिलाही माहीत आहे. या रस्त्यावर अशा किती मुली उभ्या असतील? त्यांच्या दुकानात लाखालाखाची सजावट करता येते आणि एक संडास बांधता येत नाही?

मोतमाउलीला आईने मेणबत्ती लावली. तिला तिथे अर्धा तास बसायचं होतं, पाच मिनिटांत उठली. का, ते सांगायला नको.

बँडस्टँडकडे उतरलो. समुद्राकाठी एक शौचालय दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं. पुरुषांची बाजू उघडी, बायकांच्या बाजूला कुलूप. चावी कोणाकडे? पोऱ्याकडे. पोऱ्या कुठे? जेवायला. कधी येणार? माहीत नाही. आणि आम्ही दोघी त्या कुलपासमोर उभ्या असताना वीस पावलांवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मोकळा झाला आणि निघून गेला. त्याला कोणी पैसे विचारले नाहीत, कोणी हटकलं नाही.

पुढे आणखी एक सापडलं. तिथे बायकांना पाच रुपये, पुरुषांना लघवीचे काही नाही. अहो, याच एका गोष्टीसाठी मुंबईतल्या बायकांनी २०११ साली 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, ही मोहीम उभी केली होती! इतकी वर्षं झाली आणि मी अजून पाच रुपये मोजते आहे. बरं, मोजले. आत दिवा नाही, दाराला कडी नाही, जमीन ओली, खाली बसायचं भांडं आणि धरायला दांडी नाही. आईला खाली बसता येत नाही. बसली तर उठता येत नाही. ती दारातूनच परत फिरली.

किल्ल्यापाशी तिला थोडं बसवलं. पोर्तुगीजांनी १६४० साली माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला बांधलेला हा किल्ला, आणि समोर २००९ साली सुरू झालेला सी लिंक. मी तिला काहीबाही दाखवत होते आणि ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष समुद्राकडे नव्हतं. गुडघ्याला गुडघा घट्ट लावून ती बसली होती. पाच किलोमीटरहून लांब पूल समुद्रात उभा करणाऱ्या शहराला बाईच्या संडासात एक लोखंडी दांडी बसवता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. करायचं नाही म्हणून होत नाही.

चिंबईच्या होड्या राहिल्या. कार्टर रोडच्या खारफुटीमागे मावळणारा सूर्य राहिला. रिक्षा केली आणि पहिला दिसला त्या कॅफेत शिरलो. दारातल्या मुलाला म्हटलं, "आईला फक्त टॉयलेटला जायचंय." तो म्हणाला, "मॅम, ओन्ली फॉर गेस्ट्स." गेस्ट व्हायला वही होती, वहीत नाव लिहायचं आणि टेबल मिळायला पंचवीस मिनिटं. मी त्याला सांगितलं की तिला मधुमेह आहे, वय बघ. त्याने खाली बघितलं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याची नोकरी आहे. ज्याने त्याला असं सांगून दारात उभं केलंय त्याच्यावर आहे.

पंचवीस मिनिटं आई दाराला टेकून उभी होती.

आत गेल्यावर दोन कॉफी मागवाव्या लागल्या. एकीचे ३४०. आईने तिची कॉफी तोंडाला लावली नाही, परतीचा दीड तासाचा प्रवास होता. दोन कॉफींचे ६८०, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्या सगळ्यावर जीएसटी. बिल ७८५ रुपये. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर म्हणे कंपल्सरी आहे. नाही कंपल्सरी! हॉटेलांनी तो बिलात परस्पर लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मी हे बोलत असताना आई माझा दंड धरून म्हणत होती, "जाऊ दे गं, लोक बघतायत." दिले पैसे. माझ्या आईच्या एका लघवीचे ७८५ रुपये. माझ्याकडे होते म्हणून दिले. ज्या बाईकडे नसतील तिने काय करायचं?

आणि कायदा नाही, आदेश नाही असंही नाही. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने जनहित याचिका केली होती, तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली महापालिकांना सांगितलं की रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं पाहिजेत. बायकांनी कोर्टात जाऊन हे मागायचं, कोर्टाने द्या म्हणायचं, आणि तरी माझ्या आईच्या समोर कुलूप.

मला समुद्राकाठी नवीन सेल्फी पॉइंट नको, रंगीत दिवे नकोत. कमोड हवा, दांडी हवी, कडी हवी, पाणी हवं, दिवा हवा, आणि समुद्रावर माणसं असतील तोवर दार उघडं हवं. फुकट हवं. हे मागताना मला अजिबात लाज वाटत नाही. आईला मात्र वाटते. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "माझ्यामुळे तुझा अख्खा दिवस वाया गेला." तिला असं वाटायला लावलं, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

सकाळी जाताना गाडीत तिनेच ठरवलं होतं, सप्टेंबरात जत्रेला पुन्हा येऊ, मेणाचे दोन गुडघे वाहू. काल मी तो विषय काढला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टीव्हीवर दाखवतात की गं हल्ली जत्रा."