चोरांची वकिली? मुळीच नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॉपीराइट कायद्यामुळे आभासी जगातल्या समुदायांची कोंडी होते, हे माझं म्हणणं तुम्हाला चोरांची वकिली वाटलं. ‘प्रामाणिक माणसाने कायद्याला का भ्यावं?’ हा तुमचा सवाल रास्त आहे. पण प्रामाणिक माणसाला हा कायदा वापरता येतो, हे तुम्ही गृहीतच धरलंय.

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगाचं घ्या; तिथे लोक पडद्यावरच्या ‘अवतारा’च्या रूपात वावरतात. तिथले कपडे, घरं, केशरचना रहिवासीच बनवतात आणि विकतात. त्यांच्या निर्मितीचे हक्क त्यांचेच, असं ते जग चालवणाऱ्या लिंडेन लॅब कंपनीने 2003 मध्येच जाहीर केलं होतं. 2006 च्या नोव्हेंबरात कॉपीबॉट नावाचा प्रोग्राम आला, दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल मारता येऊ लागली, तेव्हा दुकानं बंद ठेवून निषेध करणारे हेच लोक होते. म्हणजे चोरी झाली ती त्यांचीच.

आता उलट बघा. कुणी खोडसाळपणे तुमच्याच डिझाइनवर हक्क सांगितला आणि तुमचा माल उतरवला गेला. (कंपनीला फार दोष देऊ नका; तक्रार येताच माल हटवला तरच तिला कायद्याचं कवच मिळतं.) तो परत मिळवायचा तर अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रतिनोटीस द्यायची. तिच्यात खरं नाव, पत्ता, फोन नंबर आणि तिथल्या फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं लेखी निवेदन लागतं. आणि तिची प्रत जाते थेट तक्रारदाराच्या हातात! वर त्याने दावा लावला नाही तरी माल परत यायला कामकाजाचे 10 ते 14 दिवस. वर्षानुवर्षं टोपणनावाने वावरणारी, अवतारामागे कोण आहे हे मुद्दाम झाकून ठेवणारी बाई हे करेल? ती मुकाट्याने दुकान गुंडाळेल.

खटल्याचा मार्ग आहेच की, असं म्हणाल. 2007 मध्ये सेकंड लाइफमध्ये माल विकणाऱ्या एरॉस या कंपनीने आपल्या मालाची नक्कल करणाऱ्याविरुद्ध फ्लोरिडात तो धरलाही. पण प्रतिवादीचं फक्त अवतारनाव ठाऊक होतं. खरा माणूस हुडकायला आधी कोर्टामार्फत नोंदी मागवाव्या लागल्या. वकील परवडतो त्याला हे जमतं. हौशी शिवणकाम करणाऱ्याला नाही.

माझी मागणी एवढीच होती: प्रतिनोटिशीतला पत्ता तक्रारदाराला न देता मध्यस्थाकडे राहावा, आणि दावा दाखल झाला की कोर्टाने तो खुशाल उघडावा. यात चोराचं नेमकं काय फावतं, ते सांगा. त्यावर जरूर बोलू.