प्राडावर चिडलो, रेक्झिनचं काय?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, तेव्हा फ्रँकफर्टच्या आम्हा मराठी मंडळींतही दुसरा विषय नव्हता. राग रास्तच. २०१९ पासून या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे त्यात येतात, आणि प्रेरणा भारतीय कारागिरीचीच हे कंपनीला पुढे मान्य करावं लागलं. पण आपण स्वतः 'कोल्हापुरी' म्हणून जी घेतो ती कशाची असते, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

इथे बुटावर एक बारीकसा स्टिकर असतो. १९९४ च्या युरोपीय नियमानुसार वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची माहिती त्यावर वेगवेगळी द्यावी लागते. पसरलेल्या कातड्याचं चित्र असेल तर लेदर, विणीची जाळी असेल तर कापड, आणि नुसती शंकरपाळी असेल तर 'इतर काहीतरी'. हिरव्या पानाचं चित्र मिरवणारा 'व्हेगन लेदर'चा, म्हणजे प्राण्याचं कातडं न वापरलेला, महागडा बूट उलटा करून बघा, बहुतेक वेळा शंकरपाळीच सापडते. म्हणजे पॉलियुरेथेन, आपल्याकडचं रेक्झिनच्या जातीचं प्लास्टिक. अननसाच्या पानांच्या धाग्यापासून केलेल्या कापडालाही टिकण्यासाठी वरून कृत्रिम राळेचा लेप द्यावा लागतो. बुरशीपासून केलेल्या 'मायलो'चा मोठा गवगवा झाला, २०२३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. इटलीने तर प्राण्याच्या कातड्याखेरीज कशालाही 'लेदर' म्हणायला २०२० मध्ये कायद्याने बंदी घातली.

म्हणून लेदर धुतल्या तांदळासारखं आहे असं मुळीच नाही. जगातलं बहुतेक कातडं क्रोमियममध्ये कमावलं जातं, आणि त्या सांडपाण्याने गंगेचं काय केलं ते कानपूरच्या जाजमऊत दिसतं. त्वचेला लागणाऱ्या लेदरमध्ये घातक क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच हवं, असा इथे २०१५ पासून नियम आहे.

पारंपरिक कोल्हापुरी या भांडणात वेगळी उभी आहे. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, क्रोमियम नाही. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. (जर्मनीच्या पावसात मात्र ती घालू नये. भिजली की फुगते.) ज्यांना प्राण्याचं कातडंच नको, त्यांच्याशी माझा वाद नाही, त्यांनी खुशाल कॅनव्हास वापरावं. पण पर्यावरणाच्या नावाखाली प्लास्टिक घेऊन चामड्याला नाक मुरडणं मला पटत नाही.

आपल्याकडे तर कारागिराची दोन्हीकडून कोंडी आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, राज्यातली त्या कातड्याची आवक आटली. दुसरीकडे रेक्झिनची नक्कल पाव किमतीत त्याच नावाने विकली जाते. प्राडा महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड सुमारे ८०० युरोंना विकायला निघाली, त्याची बातमी झाली. रस्त्यावरच्या नकलेची होत नाही.

त्यांपैकी महाराष्ट्राच्या महामंडळाने, लिडकॉमने, जीआय चपलांना क्यूआर कोड दिला आहे, चांगलं आहे. पण तो खऱ्या चपलेवर. नकलीवर काही लिहिण्याची सक्ती कुणावर? शंकरपाळीचा नियम आपल्याकडेही आणा, आणि तोवर दुकानात भाव करण्याआधी विचारा: वरचं कशाचं, तळ कशाचा, आणि कमावलंय कशात?