लक्ष्या नाही म्हणून रडा, पण पोराच्या कानाशी नको

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी न वाचता लाइक करा आणि पुढे जा, एरवीही तेच करता.

काल रात्री आम्ही सगळे सांगलीला दादाकडे जमलो होतो. जेवणं उरकली, बाहेर पाऊस, झोप कुणालाच नाही. मग टीव्हीवर 'झपाटलेला 2' लावला, लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे नसलेला दुसरा भाग. दादाचा मुलगा आठ वर्षांचा. त्याची आणि त्यातल्या खुनी बाहुल्याची, तात्या विंचूची, ओळख आत्तापर्यंत व्हॉट्सॲपच्या स्टिकरपुरती. तो आधी सोफ्यावर होता, मग सतरंजीवर आला, मग सरकत सरकत पार टीव्हीच्या पुढ्यात. बाहुल्याने मान वळवली की हा उशी तोंडावर धरायचा, आणि उशीच्या वरून दोन डोळे मात्र बाहेर. असा सिनेमा बघणारा माणूस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

आणि मागे सोफ्यावर आमची पंच कमिटी. काका, आत्तेभाऊ, वहिनी, आणि खोटं कशाला बोलू, मीपण. "लक्ष्या नाही तर काय राम आहे?" "पहिल्याची सर नाही." "थ्रीडी केलंय म्हणून उगाच अंगावर वस्तू फेकतायत." दर पाच मिनिटांनी एक उसासा. शेवटी पोराने वळून विचारलं, "मग तुम्ही बघताय कशाला?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "लई शहाणा झालाय हा."

इथवर ठीक होतं. विसरलेही असते. पण आज सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज: आमच्या काळचा 'झपाटलेला' म्हणजे निखळ विनोद, आत्ताच्यांना तो जमायचा नाही आणि आत्ताच्या पोरांना तो कळायचा नाही. खाली नमस्काराच्या हातांची रांग.

निखळ! काका, तुम्ही?

आता 1994 च्या गणपतीत या. आमच्या गल्लीत मंडळाने रस्त्यात दोन खांबांना पांढरा पडदा बांधला होता. आदल्या वर्षी आलेला 'झपाटलेला' लागणार म्हणून पोरांनी दुपारपासून पोती टाकून जागा धरलेल्या. मला उशीर झाला (आरती, मग प्रसादाचे द्रोण वाटणं, मुलगी ना मी), त्यामुळे पुढे जागाच नाही. मग आम्ही पाच-सहा पोरी पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. मागून सिनेमा दिसायचा, पण सगळा उलटा. पाट्यांवरची अक्षरं उलटी, उजव्या हातातलं सगळं डाव्या हातात. मी सात वर्षांची. पुढची कित्येक वर्षं मला तात्या विंचू डावखुराच वाटायचा.

तर ऐन रंगात, 'ओम फट् स्वाहा' सुरू झालेलं, अख्खी गल्ली किंचाळतेय, आणि मागून कुणीतरी माझं बखोटं धरलं. मी जी ओरडले! काका होते. "काय हा पांचटपणा बघत बसलात? ऊठ. घरी चल." त्यांनी मला पडद्याच्या पुढून, सगळ्यांच्या देखत, अक्षरशः ओढत नेलं. शेवट मी पाहिलाच नाही. दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागते हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीने सांगितलं, तेही माझं खोडरबर घेऊन.

आणि हाच माणूस आज 'निखळ' लिहितो.

बरं, काका एकटे नव्हते. आपल्यापैकी ज्यांची घरं नाटकाची, नाट्यसंगीताची वगैरे होती त्यांना आठवत असेल. लक्ष्याचा सिनेमा म्हणजे आपल्यात नाही बघत, असं होतं की नाही? 'धूमधडाका', 'थरथराट', 'धडाकेबाज', सगळं वाह्यात खात्यात जमा. पोरं बघायची ती शेजाऱ्यांकडे. 'धडाकेबाज'मधला बाटलीतला गंगाराम मी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिलाय, कारण आत बसले तर घरी कळलं असतं. तेव्हा नाकं मुरडणारे आता तेच सिनेमे 'क्लासिक' म्हणून फॉरवर्ड करतात, आणि वर नव्या भागाला नाकं मुरडतात. नाक तेच, मुरडायची जागा फक्त बदलली.

आणि 'ओरिजिनल ते ओरिजिनल' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमातली आहे. म्हणजे तुमचं ओरिजिनलसुद्धा उसनवारीचं. पण दिग्दर्शक महेश कोठारेंनी उसनं आणलेलं असं काही वापरलं की मूळ मालकाने ओळखू नये. तो बाहुला त्यांनी थेट शब्दभ्रमाच्या खेळातला केला. बोलक्या बाहुल्या आपल्याला नव्या नव्हत्या, पाध्यांचा अर्धवटराव घराघरात माहीत होता. त्याच रामदास पाध्यांनी तात्या विंचू घडवला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. म्हणजे टीव्हीवरच्या आपल्या चिमणरावांचा! अजून विश्वास बसत नाही. पुढे हिंदीत हाच सिनेमा 'खिलौना बना खलनायक' नावाने गेला आणि तिकडच्या पोरांचीही झोप उडाली. उत्तरेकडचा माझा एक सहकारी मला एकदा म्हणाला, "तुमच्याकडे पण हा डब झाला होता का?" त्याला मी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा आहे लक्ष्या.

मान्य, दुसऱ्या भागात लक्ष्या नाही आणि ते भोक बुजत नाही. घ्या, लिहून दिलं. लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 ला गेले, दुसरा भाग आला 2013 च्या जूनमध्ये. त्यात लक्ष्याचा मुलगा दाखवलाय, आदिनाथ कोठारेने ते काम केलंय, तात्याही तोच आहे आणि आवाजही तोच. तरी काहीतरी कमी पडतं. गाणी मला आवडली नाहीत. काही विनोद तर बघवत नाहीत. हेही घ्या.

पण काल रात्री उशीवरचे ते दोन डोळे बघताना माझ्या एक लक्षात आलं, आणि सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. बाहुला स्वतः काय करतो हो? दीड वीत उंची. डोळे फिरवतो, जबडा हलवतो. लाथ मारली तर अंगणात जाऊन पडेल. त्याला जिवंत कुणी केलं? मंत्राने नाही. लक्ष्याच्या घाबरण्याने. तो डोळे विस्फारून 'आ' करून उभा राहायचा, तोंडातून शब्द फुटायचा नाही, मग एकदम दहा शब्द एकमेकांत अडकून बाहेर पडायचे, आणि आपल्याला वाटायचं, आयला, खरंच आहे काहीतरी! आपण हसत होतो त्याला, आणि भीत होतो त्याच्यामुळे. एकाच वेळी. भुताच्या विनोदी सिनेमात भुतापेक्षा भिणारा महत्त्वाचा.

आणि 1994 ला तर पडद्यावर एक लक्ष्या होता आणि गल्लीत शंभर. पुढून किंकाळी यायची, ती पडद्यातून आरपार आमच्यापर्यंत. मागच्या बाजूला बसून आम्हाला निम्मं कळत नव्हतं, तरी आम्ही किंचाळत होतो. कशाला? तर पुढचे किंचाळले म्हणून.

काल त्या पोराच्या मागे कोण होतं? पाच जण, जांभया देणारे. घाबरायला कुणी साथच नाही. तो हसला की आमच्यातलं एक जण म्हणणार, "हे काहीच नाही, पहिल्यात बघ काय केलंय." तो दचकला की, "अरे हे काय भ्यायचंय?" अरे, भिऊ दे की त्याला! त्याचा तो पहिलाच तात्या विंचू आहे. पहिला भाग त्याच्यासाठी आलेलाच नाही अजून. तुमच्या आठवणींचं बिल त्याच्या हातात कशाला देताय?

मी ओरडले हे. प्रत्यक्ष नाही, ग्रुपवर. म्हणजे टाइप केलं आणि पाठवलं नाही. तेच आता इथे चिकटवलंय, कारण काकांना फेसबुक नीट वापरता येत नाही. (दादा, दाखवायचं नाही. सांगून ठेवतेय.)

अजून एक. परवापासून प्रत्येक पोस्टखाली तेच वाचतेय की आता एआय आलंय, पुढच्या भागात लक्ष्याला परत आणा. बाबांनो, नका. चेहरा आणाल, आवाज आणाल, तो फुलाफुलांचा शर्टही आणाल. पण तो माणूस कधी घाबरेल ते त्यालाच माहीत असायचं. समोरच्याचं वाक्य संपायच्या अर्धा क्षण आधी, किंवा संपून गेल्यावर, सगळे विसरल्यावर. ते तुम्ही कुठून आणणार? गेलेल्या माणसाला दमवू नका. ज्यांना खरंच आठवण येते त्यांनी जुना सिनेमा लावावा, आहे की तो जागच्या जागी.

हे सगळं लिहून झालं होतं. पोस्ट करणार तेवढ्यात आईचा फोन आला. मी तणतणत तिला सगळं ऐकवलं, 1994, बखोटं, निखळ, सगळं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, भाऊजी तेव्हा कुणामुळे उठले माहितीये का?"

म्हटलं, कुणामुळे?

"स्वतःमुळे. ते पार टरकले होते. एकट्याने घरी यायची हिंमत होईना म्हणून तुला उचलून आणलं."

मी गप्प.

मग तिने बाहुलीचं सांगितलं. आमच्या शोकेसमध्ये एक बाहुली होती, झोपवली की डोळे मिटणारी, निळ्या फ्रॉकची. त्या रात्रीपासून ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मला वाटायचं, मी घाबरू नये म्हणून आईने फिरवली. आई म्हणे, "मी कशाला फिरवू? मला वाटलं तू फिरवलीस. एकदा केर काढताना मी ती सरळ केली, तर संध्याकाळी भाऊजी ऑफिसातून आले आणि बूट काढायच्या आधी शोकेसकडे गेले." तेव्हा काका बेचाळीस वर्षांचे होते. मिशा होत्या. गल्लीतली भांडणं सोडवायला त्यांना बोलवायचे.

आता या माणसावर मी किती चिडू, सांगा.

म्हणजे 'निखळ' हा शब्द अजूनही मला मान्य नाही. पण कदाचित त्यांना काल सिनेमा आवडला नाही तो लक्ष्या नव्हता म्हणून नसेलच. काल त्यांना भीती वाटली नाही. बाहुला तोच, आवाज तोच, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी दचकायलाच होईना. त्याचा राग त्यांनी काढला आदिनाथवर. आत्तेभावाचं मात्र असं काही नाही, तो मुळातच खवचट आहे.

बरं, मी आज दुपारी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही कमेंटमध्ये मला शहाणी म्हणायला नको. पोराला म्हटलं चल, आता तुला खरा 'झपाटलेला' दाखवते. पहिला. आत्याची ट्रीट. पडदे ओढले, लाइट बंद केले, शेजारी उशी घेऊन बसले. यावेळी उसासे नाहीत, नुसतं घाबरायचं, असं ठरवून.

वीस मिनिटांत तो म्हणाला, "आत्या, तो बाहुला कधी बोलणार?"

म्हटलं, येईल, थांब.

मग म्हणाला, "हे खूप हळू आहे गं. काल जो होता ना, तोच लाव."

आणि माझ्या तोंडून निघालं, "गप बस आणि बघ! तुला काय कळतंय त्यातलं?"

दारात काका उभे होते, चहाचा कप घेऊन. काही बोलले नाहीत. येऊन आमच्या मागे सोफ्यावर बसले.