मुंबईत नवऱ्याचा मार कमी? आधी तो तक्ता नीट वाचा

सध्या फिरत असलेला दावा असा: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) तक्त्यात नवरा-सासरच्या छळाचा (जुनं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) मुंबईचा दर दिल्लीपेक्षा बराच कमी, म्हणजे इथे घरात मारहाण कमी. शिवाय शिक्षा क्वचितच होते, म्हणजे असलेल्या तक्रारीही खोट्या.

आधी भागाकार. हा दर लाख बायकांमागे काढतात, आणि मुंबईतल्या बायकांची लोकसंख्या त्या तक्त्यात ८५.२ लाख धरतात. ती २०११ ची, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून. गुन्हे मात्र मुंबई पोलिसांच्या हद्दीतले, जिथे तेव्हा सुमारे ५७ लाख बायका राहत होत्या. भाजक दीडपट फुगवला की दर उतरणारच!

त्याहून मोठी गळती पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराच्या टेबलावर होते. बाई नुसतं ‘नवऱ्यानं मारलं’ म्हणाली की बहुतेकदा न्याय संहितेच्या कलम ११५(२) (साधी दुखापत) खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून हातात प्रत देतात. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही, आणि छळाच्या रकान्यात नोंदही नाही. कलम ८५ लागायला छळाचं सातत्य, गंभीर इजा किंवा पैशांची मागणी दिसावी लागते. म्हणून जबाबात तारखा, कशानं मारलं, किती रुपये मागितले, कुठल्या महापालिका रुग्णालयात मेडिकल झालं, हे सगळं यायला हवं. तरीही एफआयआर घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांकडे टपालानं लेखी तक्रार पाठवता येते. पोलिसांच्या महिला कक्षात समुपदेशनावर मिटलेलं प्रकरण किंवा २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे केलेला कलम १२ चा अर्ज, हेही या आकड्यात नाहीत.

नोंद घटली की हिंसा घटली, असं मानायचं तर २०२० बघा. देशभरातले ४९८-अचे गुन्हे सव्वा लाखावरून १.११ लाखांवर आले. त्या वर्षी नवरे सुधारले नव्हते; लोकल बंद होती, माहेर बंद होतं, आणि मारणारा चोवीस तास घरात होता.

मार मोजायचा तर बाईला एकटीला गाठून विचारावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एनएफएचएस-५ (२०१९-२१), तसं विचारतं: महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही की कुणाला सांगितलंही नाही.

राहिला ‘खोट्या’चा मुद्दा. हा गुन्हा सहसा आपसात मिटवता येत नाही, त्यामुळे तडजोड झाली की उच्च न्यायालयातून रद्द करून घेतात, नाहीतर बाई साक्षीत मागे फिरते आणि निर्दोष सुटका होते. तपासात खोट्या ठरलेल्या प्रकरणांचा रकाना एनसीआरबीत वेगळा असतो. खोटेपणा मोजायचा तर तो वाचा, शिक्षेचा नव्हे.